नवीन मॅगझिन: शेवटचे दोन-तीन राउंड जातच नाहीत

गोफण | शुक्रवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. ग्लॉक १९ पिस्तूल, ९ मिमी. सोबत कंपनीची तीन कोरी मॅगझिनं (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेट्या), प्रत्येकी १५ राउंडची, म्हणजे काडतुसांची. दहापर्यंत हाताने सहज भरतात. बारा-तेराला अंगठा बधिर होतो, चौदावा कसाबसा जातो आणि पंधरावा नाहीच. तिन्ही मॅगझिनांत सारखंच होतं, त्यामुळे एखादा नग सदोष असावा असं वाटत नाही.

रेंजवर काही जण म्हणतात आठवडाभर भरून ठेव, सैल होईल. काही म्हणतात भरून ठेवलंस तर स्प्रिंग बसेल, म्हणजे तिचा जोर जाईल, मग राउंड अडकतील. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? तेल घालावं का, घालायचं तर कुठे? टेक्सासमध्ये आहे, त्यामुळे १५ च्या मॅगझिनला कायद्याची अडचण नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

यंत्रज्ञ | शुक्रवार, रात्री ९.५५

दोन्ही म्हणणी अर्धी अर्धी खरी आहेत, म्हणून घोळ होतो. आधी जोर कुठून येतो ते बघू.

मॅगझिनची स्प्रिंग बाहेर काढून टेबलावर ठेवली तर ती बॉडीपेक्षा बरीच लांब भरते. म्हणजे रिकाम्या मॅगझिनमध्येही ती आधीच दाबून बसवलेली असते. हे मुद्दाम केलेलं आहे. आत एकच राउंड उरला असला तरी तो स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पुढे यायच्या आत वर पोचला पाहिजे, आणि तोही गेल्यावर फॉलोअरने (स्प्रिंगवरचा, राउंड वर ढकलणारा ठोकळा) स्लाइड स्टॉप उचलून स्लाइड मागे अडवली पाहिजे. शेवटच्या राउंडसाठी जोर पुरेसा ठेवायचा म्हटलं की पंधराव्याच्या वेळी तो जास्त होणारच. प्रत्येक राउंडमागे स्प्रिंग सारख्या अंतराने दाबली जाते आणि जोर सारख्या पायऱ्यांनी चढत जातो. तेराव्याला काही वेगळं घडत नाही. तुमच्या अंगठ्याची ताकद तिथे संपते, एवढंच.

त्यात घर्षणाची भर. राउंड दोन रांगांत एकाआड एक बसतात, त्यामुळे खालून येणारा जोर सरळ वर न जाता थोडा बाजूलाही जातो आणि काडतुसं भिंतींवर घासतात. कोऱ्या मॅगझिनमध्ये भिंती, फॉलोअरच्या कडा, ओठांची (मॅगझिनच्या तोंडाशी राउंड अडवणाऱ्या वळलेल्या कडा) आतली बाजू हे सगळं अजून गुळगुळीत झालेलं नसतं.

आणि तिसरी गोष्ट भरण्याची पद्धत. नव्या माणसाचा निम्मा जोर चुकीच्या दिशेला वाया जातो. याबद्दल इथले नियमित नेमबाज माझ्यापेक्षा चांगलं लिहितील.

मधुरा_फिनिक्स | शुक्रवार, रात्री १०.४०

पद्धतीबद्दल लिहिते. आधी पिस्तूल रिकामं करून बाजूला ठेवा, शक्यतो दुसऱ्या खोलीत. सराव डमी, म्हणजे दारू नसलेल्या, राउंडवरच करा. नीट जमलं की मग रेंजवर खरे राउंड.

टेबलावर रबरी मॅट किंवा घडी घातलेला टॉवेल ठेवा आणि मॅगझिन त्यावर उभं धरा, बेसप्लेट (तळाचं झाकण) खाली टेकलेली. हवेत धरून भरलंत तर एक हात नुसता मॅगझिन पेलण्यात दमतो. डाव्या हाताची बोटं बॉडीभोवती, राउंडची टोकं तुमच्या उजवीकडे. डावा अंगठा वरच्या राउंडवर आडवा ठेवा, मधोमध नव्हे, जरासा टोकाच्या बाजूला. ओठांच्या पुढे पितळी खोळीचा जो भाग उघडा दिसतो ना, तोच दाबायचा. मागे दाबलंत तर तुम्ही ओठांशी झुंजत राहता.

आता नवीन राउंडचा बूड उजव्या हाताने त्याच उघड्या भागावर टेकवा. दोन्ही मिळून सरळ खाली दाबा. आधी खाली, मग मागे, हा क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण एकाच वेळी तिरपं खाली-मागे रेटतात, मग राउंडची कड ओठाच्या धारेवर अडते आणि स्प्रिंगच कडक आहे असं वाटतं. आतला राउंड पुरेसा खाली गेला की नवीन राउंडचा बूड आपोआप ओठांखाली शिरतो. डावा अंगठा तिथून काढून घ्या आणि नवीन राउंड मागच्या भिंतीला टेकेपर्यंत सरकवा.

चार-पाच राउंड झाले की मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा हलकेच आपटा. राउंड मागे सरळ बसतात. एखाद्याचं नाक खाली झुकलेलं राहिलं तर वरची सगळी रास तिरकी होते आणि अकरा-बारालाच मॅगझिन भरल्यासारखं दगड लागतं. टेबलाच्या कडेवर आपटू नका, तळहात पुरतो.

मागच्या बाजूला आकडे लिहिलेली भोकं आहेत, त्यांतून पितळ दिसतं. मोजणी अंगठ्यावर नाही, त्या भोकांवर करा. पंधरावा जात नाही म्हणणाऱ्यांच्या मॅगझिनमध्ये आधीच पंधरा असल्याचं अनेकदा निघतं.

गोफण | शनिवार, सकाळी ७.३०

मधुराताई, मी तिरपंच रेटत होतो. डमी राउंडवर बघतो. पण नखाच्या मुळाशी फार दुखतं, त्याला काही?

मधुरा_फिनिक्स | शनिवार, सकाळी ८.०५

अंगठ्याच्या टोकाने दाबू नका, पेराच्या मांसल भागाने दाबा. कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे घातलेत तर ओठांच्या धारेने कातडी सोलत नाही. आणि पहिले काही दिवस शेवटचे तीन राउंड हाताने भरायचा हट्टच नको.

तुमच्या पिस्तुलाच्या डब्यात काळ्या प्लास्टिकचा एक छोटा तुकडा असेल, चौकोनी टोपीसारखा. पुष्कळ जण तो तसाच डब्यात ठेवतात. तोच लोडर. मॅगझिनच्या डोक्यावर टोपीसारखा चढवायचा, त्याची जीभ वरच्या राउंडवर येते. टोपी खाली दाबली की आतली रास खाली जाते, समोरून नवीन राउंड अर्धा सारायचा, टोपी किंचित वर घ्यायची आणि राउंड मागे ढकलायचा. जोर अंगठ्याच्या पेरावर न येता सबंध हातावर विभागला जातो.

याहून चांगलं हवं असेल तर मॅगलुला कंपनीचा अपलुला. ९ मिमीपासून .४५ पर्यंत एकेरी-दुहेरी दोन्ही रांगांच्या मॅगझिनना चालतो. मुठीत धरून चालवायचा असतो, आतली चोच राउंड खाली दाबते आणि तुम्ही नुसता राउंड वरून सोडता. दिवसाला दोनशे-तीनशे राउंड झाडणाऱ्यांकडे हा असतोच.

सह्यकडा | शनिवार, सकाळी १०.२०

नवीन मॅगझिन कधीही थेट भरू नये, आधी उघडून पुसावं. कारखान्यातून येताना आत गंज न लागण्यासाठीचं चिकट तेल असू शकतं, क्वचित प्लास्टिकचा कीसही असतो.

ग्लॉकचं मॅगझिन कोरं असताना उघडायला फार जड जातं, म्हणून सविस्तर लिहितो. मॅगझिन रिकामं आहे हे आधी बघा. डोळ्यांवर चष्मा लावा. बेसप्लेटच्या मधल्या भोकातून आतल्या पट्टीचा छोटा उंचवटा दिसतो. साधारण ३ मिमीच्या पंचाने किंवा खिळ्याच्या बोथट टोकाने तो आत दाबा. त्याच वेळी बॉडीच्या दोन्ही बाजू तळाशी चिमटीत जोराने आवळा आणि बेसप्लेट पुढे, म्हणजे गोळीची टोकं असतात त्या दिशेने, सरकवा. हे काम प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करता येतं. बेसप्लेट अर्धी सरकली की अंगठा लगेच तळावर ठेवा. स्प्रिंग सुटली तर आतली पट्टी पलंगाखालीच सापडते.

स्प्रिंग बाहेर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. वरचं टोक कुठलं, त्याचा वळसा कुठे बघतो, फॉलोअरमध्ये कसा बसलाय, सगळं दिसलं पाहिजे. स्प्रिंग उलटी बसवली तर मॅगझिन भरतं, नीट भरल्यासारखंच वाटतं, पण फॉलोअर नाकाकडून झुकतो आणि शेवटचे दोन राउंड खाली तोंड करून अडकतात.

बॉडी आतून कोरड्या सुती कापडाने पुसा, काडीला गुंडाळून तळापर्यंत. स्प्रिंग पुसा, फॉलोअर पुसा. तेल घालू नका. तेलाला धूळ आणि न जळालेल्या दारूचा कीस चिकटतो, दोन रेंज दिवसांत काळा लगदा होतो. शिवाय भरलेल्या मॅगझिनमध्ये तेल प्रायमरपाशी (राउंडच्या बुडातली ठिणगी पाडणारी टिकली) झिरपू देणं चुकीचंच.

लोखंडी बॉडीची मॅगझिनं, म्हणजे सीझेड, बेरेटा यांची, बाहेरून तेलाचं बोट फिरवून कोरडी पुसावीत. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तर दर आठवड्याला. आतून मात्र तीही कोरडीच.

आडवाट | शनिवार, दुपारी १२.१५

एवढा खटाटोप कशाला? स्प्रिंगचा एक वेढा पक्कडने कापला की पंधरावा राउंड लोण्यासारखा जातो.

यंत्रज्ञ | शनिवार, दुपारी १२.५०

कृपा करून कुणी हे करू नका. वेढा कापल्यावर नेमकं काय होतं ते सांगतो.

वेढे कमी झाले की प्रत्येक मिलिमीटरमागचा जोर उलट वाढतो, स्प्रिंग ताठर होते. पण मुळातली लांबी कमी झाल्यामुळे आधीचा दाब, म्हणजे रिकाम्या मॅगझिनमध्ये फॉलोअरवर असणारा जोर, घटतो. परिणामी भरलेल्या मॅगझिनमध्ये फरक थोडाच पडतो आणि जवळपास रिकाम्या मॅगझिनमध्ये जोर अपुरा पडतो. शेवटचा राउंड वेळेवर वर येत नाही, स्लाइड त्याच्यावरून निघून जाते किंवा त्याच्या कमरेत घुसते. रिकाम्यावर स्लाइड मागे थांबतही नाही. जिथे त्रास होता तिथे तो जेमतेम कमी झाला आणि जिथे नव्हता तिथे नवीन तयार झाला. शिवाय वरचं टोक कापलं तर फॉलोअरमध्ये बसणारा आकारच गेला.

स्प्रिंग गरम करून मऊ करणं हेही तितकंच वाईट. तारेचा पाण (पोलादाला मुद्दाम दिलेला कडकपणा) गेला की ती स्प्रिंग कामाची राहत नाही.

आडवाट | शनिवार, दुपारी १.३०

बरोबर, कापल्यावर स्प्रिंग ताठर होते हा विचार केला नव्हता. माझा सल्ला मागे घेतो.

गोफण | शनिवार, दुपारी ३.००

तिन्ही उघडून पुसली. एकात चिकट थर होता. आता चौदा जातात. मग भरून ठेवायचं की नाही, आणि किती दिवस?

यंत्रज्ञ | शनिवार, संध्याकाळी ५.१०

आता मूळ प्रश्न. कुठलीही नवीन दाबाची स्प्रिंग पहिल्यांदा पूर्ण दाबली की किंचित आखूड होते. वर्कशॉपमध्ये याला ‘सेट घेणं’ म्हणतात. काही कारखाने स्प्रिंग आधीच पूर्ण दाबून हा सेट काढून टाकतात, काही काढत नाहीत. न काढलेली स्प्रिंग पहिल्या काही पूर्ण दाबांत थोडी आखूड होते आणि तिथे स्थिर होते. ‘आठवडाभर ठेव, सैल होईल’ यातला खरा भाग हा.

त्यापुढे तारेवरचा ताण तिच्या लवचिक मर्यादेच्या आत असेल तर नुसतं दाबून ठेवल्याने साध्या तापमानाला ती फारशी बसत नाही. स्प्रिंग थकते ती वारंवार दाबणं-सोडणं याने, किंवा मर्यादेबाहेर दाबल्याने. छोट्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये जास्त राउंड कोंबलेले असतात तिथे स्प्रिंग मर्यादेच्या जवळ काम करते, त्या लवकर बसतात. ग्लॉक १९ मध्ये ही काळजी करू नका.

म्हणून माझं म्हणणं असं: डमी राउंडनी पूर्ण भरा, पूर्ण रिकामं करा, असं पाच ते दहा वेळा. मग पूर्ण भरून दोन-तीन दिवस ठेवा. यात जो काही सेट घ्यायचा तो घेऊन होतो आणि भिंतीही थोड्या गुळगुळीत होतात. यानंतर महिनाभर ठेवलंत तरी आणखी सैल होणार नाही. आणि चमत्काराची अपेक्षा नको, फरक शेवटच्या एक-दोन राउंडपुरता असतो. चौदा कष्टाने जात होते ते पंधरा कष्टाने जातील.

सह्यकडा | शनिवार, संध्याकाळी ६.२५

यंत्रज्ञ यांच्याशी एका बाबतीत थोडा मतभेद. प्लास्टिक बॉडीत सेटपेक्षा फॉलोअर आणि भिंतीचं घर्षण कमी होण्याचा वाटा मोठा असतो. म्हणून नुसतं भरून ठेवण्यापेक्षा भरणं-रिकामं करणं जास्त उपयोगी. स्प्रिंगशिवाय फॉलोअर एकटा बॉडीत टाकून मॅगझिन उलटंसुलटं करून पाहा. तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडखळला तर अडचण स्प्रिंगची नाही.

दुसरी तपासणी पितळाची. मॅगझिनमधून काढलेला राउंड दिव्याखाली बोटांत फिरवून बघा. ओठांमुळे खोळीवर फिकट, चकचकीत रेघ उमटते, ती ठीक. पण रेघ खोल असेल, नखाला लागत असेल, पितळाचा सोनेरी कीस बाजूला उचलला गेला असेल, तर ओठावर किंवा आतल्या कडेवर बर (उचललेली धारदार कड) आहे. लोखंडी ओठाची बर हजार नंबरच्या पॉलिश पेपरने, पेपर काडीला गुंडाळून, फक्त ती कड मोडेपर्यंतच घासावी. दोन-चार हात पुरे. ओठांचा कोन किंवा त्यांमधलं अंतर बदलू द्यायचं नाही. ओठ फाकले तर दोन राउंड एकदम वर येतात आणि ते मॅगझिन सरावालाही नको. शंका असेल तर व्हर्नियरने ओठांमधलं अंतर मोजा आणि चांगल्या चालणाऱ्या मॅगझिनशी ताडून पाहा. ग्लॉकच्या प्लास्टिकमढ्या ओठांना मात्र पेपर लावू नका, नग बदलून घ्या.

यंत्रज्ञ | शनिवार, संध्याकाळी ६.५०

मान्य. प्लास्टिक बॉडीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. फॉलोअर एकटा टाकून बघायची चाचणी सगळ्यात आधी करावी.

एडिसनकर | शनिवार, रात्री ८.१५

न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी एक मुद्दा. इथे मर्यादा १० राउंडची. दहाची मॅगझिनं दोन तऱ्हांची मिळतात. एक, मुळातच दहासाठी बनवलेली. दुसरी, मोठी बॉडी घेऊन आत अडसर घालून दहावर थांबवलेली. दुसऱ्या तऱ्हेत कधी कधी अडसर जरा उंच बसलेला असतो. मग नववा ठीक जातो आणि दहावा एकदम भिंतीला लागल्यासारखा थांबतो. स्प्रिंगचा जोर हळूहळू चढतो, अडसर अचानक लागतो, यावरून ओळखा. असं मॅगझिन महिनाभर भरून ठेवलं तरी दहावा जाणार नाही. परत करा. अडसर घासायचा किंवा काढायचा विचारही करू नका, मग ते मोठ्या क्षमतेचं मॅगझिन ठरतं आणि तो गुन्हा आहे.

करवीर_२२ | शनिवार, रात्री ९.३५

भारतात ९ मिमी निषिद्ध बोअर (सामान्य परवान्यावर न मिळणारं कॅलिबर) आहे, त्यामुळे इथल्या क्रीडा नेमबाजांचा संबंध मुख्यतः .२२ शी येतो. तिथे कडक स्प्रिंग हा प्रश्नच नाही, प्रश्न वेगळा आहे आणि लोक त्यालाही ‘मॅगझिन कडक आहे’ म्हणतात.

.२२ लाँग रायफलच्या काडतुसाला बुडाला कड असते. कडेचा व्यास सुमारे ७.१ मिमी, खोळीचा ५.७. म्हणजे कड बाहेर आलेली. मॅगझिनमध्ये वरच्या राउंडची कड खालच्या राउंडच्या कडेच्या पुढे असली पाहिजे. उलट झालं की वरचा राउंड पुढे सरकताना खालच्याच्या कडेत अडकतो आणि सगळं कुलूप लागल्यासारखं होतं.

रुगर मार्क ४ सारख्या मॅगझिनच्या बाजूला बटण असतं, त्याने फॉलोअर खाली ओढता येतो. नवखे बटण तळापर्यंत ओढतात आणि दहा राउंड वरून ओततात. नेमकी इथेच चूक होते. राउंड आत भेलकांडतात, कडा मागेपुढे होतात. बटण एका वेळी एका राउंडच्या जाडीएवढंच खाली घ्या, राउंड मागे टेकवून ठेवा, मग पुढचा. नवीन मॅगझिनचं बटण दुखवत असेल तर त्यावर रबराचा तुकडा किंवा जुनं नाणं धरून दाबा.

दुसरी गोष्ट मेणाची. .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखा थर असतो. तो ओठांवर आणि फॉलोअरवर साचतो, त्यात धूळ मिसळते. दोन-तीनशे राउंडनंतर फॉलोअर बटणाने खाली-वर करून बघा, सुळकन वर आला पाहिजे. अडखळत आला तर उघडून पुसा.

२५ मीटर पिस्तूल प्रकारात, ज्यात कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं, पाच-पाच राउंडच्या फैरी असतात. मॅगझिनमध्ये पाचच भरायचे. त्यामुळे स्प्रिंग कधीच पूर्ण दाबली जात नाही. पण जलद टप्प्यात लक्ष्य तीन सेकंदच समोर असतं. एक राउंड कडेत अडकला तर तो वेळेत सुटत नाही. भरताना घाई नको, पाचही राउंड मागे टेकलेत ना ते प्रत्येक वेळी बाजूने डोळ्यांनी बघा.

पुण्याहून | शनिवार, रात्री १०.२०

करवीर यांच्या प्रतिसादाला जोड. परवान्यावरचं .३२ पिस्तूल ज्यांच्याकडे आहे त्यांनीही कडेचं हे लक्षात घ्यावं. .३२ एसीपीचं काडतूस अर्ध-कडेचं आहे. कड ९.१ मिमी, खोळीचा बूड साधारण ८.५५. दोन्ही बाजूंनी पाव मिलिमीटरच बाहेर, पण अडकायला तेवढंही पुरतं. पूर्ण लांबीचा गोल टोकाचा राउंड असेल तर मॅगझिनमध्ये पुढेमागे हलायला जागा कमी, अडकण्याची शक्यताही कमी. आखूड राउंड असतील तर त्यांना पुढे-मागे खेळायला जागा मिळते आणि वरची कड खालच्याच्या मागे घसरते. भरलेलं मॅगझिन हलवल्यावर खुळखुळ ऐकू येत असेल तर ते राउंड त्या मॅगझिनला आखूड आहेत.

कुलूप लागलंच तर स्लाइड आपटून सोडवायला जाऊ नका. नळी सुरक्षित दिशेला, मॅगझिन बाहेर, चेंबर (नळीतली राउंडची जागा) रिकामं आहे ते बघा आणि मग वरचा राउंड नाकाकडून दाबून मोकळा करा.

गोफण | रविवार, दुपारी १.४०

आज पंधरा गेले, शेवटचे दोन टोपीने. पण आता नवीनच अडचण. भरलेलं मॅगझिन बंद स्लाइडखाली लावलं तर खटका लागत नाही. खाली सरकून येतं. स्लाइड मागे अडवून ठेवली तर मात्र लागतं.

मधुरा_फिनिक्स | रविवार, दुपारी २.३०

हे होतंच. स्लाइड मागे असते तेव्हा वरच्या राउंडवर काही नसतं. स्लाइड बंद असली की तिची खालची बाजू वरच्या राउंडवर येते आणि मॅगझिन पूर्ण वर जायला तो राउंड आणखी थोडा खाली दबावा लागतो. पूर्ण भरलेल्या कोऱ्या मॅगझिनमध्ये तेवढी जागा जेमतेम उरते.

तपासणी सोपी आहे. मॅगझिन बाहेर, पूर्ण भरलेलं. वरचा राउंड अंगठ्याने दाबा. थोडा तरी खाली गेला पाहिजे. अजिबात हलत नसेल तर जागा नाही. हलत असेल तर तळहाताच्या टाचेने बेसप्लेटवर एक ठाम ठोका द्या, खटका ऐका आणि मग मॅगझिन खाली ओढून बघा. ओढूनही येत नसेल तरच लागलं. ही शेवटची ओढ कधीही चुकवू नका, कारण अर्धवट लागलेलं मॅगझिन पहिल्या राउंडनंतर खाली पडतं.

तरीही लागत नसेल तर सुरुवातीचे काही दिवस चौदाच भरा. त्यात काही कमीपणा नाही. आयपीएससीच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा संघटना) प्रॉडक्शन प्रकारात मोठ्या मॅगझिनमध्येही सुरुवातीला पंधराच भरायचे असतात, त्यामुळे १७ चं मॅगझिन तिथे नेहमी दोन कमीच असतं आणि खटका सहज लागतो.

सांगलीकर_डॅलस | रविवार, दुपारी ४.०५

वडील सत्तरीत आहेत, बोटांत संधिवात. त्यांना रेंजवर यायची हौस आहे पण मॅगझिन भरणं जमत नाही. मी भरून देतो, पण त्यांना स्वतः करायचं असतं. काही सुचवा.

मधुरा_फिनिक्स | रविवार, दुपारी ४.५०

त्यांची इच्छा रास्त आहे, आणि उपायही आहे. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये शील्ड ईझी हे .३८० चं पिस्तूल आणलं, आठ राउंडचं. त्याच्या मॅगझिनच्या बाजूला .२२ सारखंच बटण आहे, ते खाली ओढून राउंड अलगद सोडता येतात. स्लाइड ओढायलाही हलकी आहे. पुढच्या वर्षी ९ मिमीतही आलं.

आहे तेच पिस्तूल ठेवायचं तर अपलुला, आणि तो टेबलावर टेकवून दोन्ही हातांनी चालवायचा. संधिवातात पकड सैल असते, मुठीने आवळण्यापेक्षा वरून दाबणं सोपं जातं. काकांना एकदम पूर्ण मॅगझिन भरायला देऊ नका. पाच-पाच राउंडची दोन मॅगझिनं दिलीत तर पहिल्या पाचांचा जोर त्यांना झेपेल आणि फैरी छोट्या झाल्याने हातही दमणार नाही. रिकामं करायचं असेल तर अंगठ्याने राउंड पुढे ढकलण्याऐवजी पेन्सिलच्या रबरी टोकाने बूड पुढे ढकलायला सांगा, एका वेळी एक, खाली टॉवेल पसरून.

गोफण | रविवार, रात्री ८.२०

शेवटचा एक प्रश्न. बाजारात जादा ताकदीच्या स्प्रिंगा मिळतात, दहा टक्के जास्त वगैरे. बेसप्लेटही मोठी मिळते, दोन राउंड जास्त बसणारी. कोऱ्या मॅगझिनला आत्ताच लावावी का?

यंत्रज्ञ | रविवार, रात्री ९.००

आत्ता नाही. जादा ताकदीची स्प्रिंग ही बसलेल्या स्प्रिंगवरचा उपाय आहे, किंवा मोठ्या बेसप्लेटसोबतचा. तुम्हाला आधीच शेवटचा राउंड जड जातोय, त्यात दहा टक्के भर घातली तर स्लाइडलाही पहिला राउंड ओढून नेताना जास्त जोर लागतो. हलक्या लोडच्या (कमी जोराच्या) गोळ्यांवर स्लाइड अर्ध्यात थांबू शकते.

मोठी बेसप्लेट लावाल तेव्हा मात्र तिच्यासोबतची लांब स्प्रिंग लावावीच लागते. जुन्या स्प्रिंगला दोन राउंडचं जास्तीचं अंतर चढावं लागतं आणि शेवटी जोर कमी पडतो.

आत्ता एवढंच करा: तिन्ही मॅगझिनांच्या बेसप्लेटवर रंगाने १, २, ३ लिहा. रेंजवर अडचण आली की कुठल्या नंबरला, कितव्या राउंडला, काय झालं ते वहीत टिपा. पहिला राउंड अडला तर मॅगझिन नीट लागलं नव्हतं किंवा फार घट्ट होतं. शेवटचा अडला किंवा स्लाइड मागे थांबली नाही तर स्प्रिंग कमजोर किंवा उलटी, किंवा तुमचा अंगठा स्लाइड स्टॉपवर. स्लाइड स्टॉपवर अंगठा हे कारण सगळ्यात आधी तपासा. एकाच नंबरला पुन्हा पुन्हा होत असेल तर दोष मॅगझिनचा. तिन्हींना होत असेल तर पिस्तूल, गोळी किंवा पकड.

सह्यकडा | रविवार, रात्री ९.२५

रंग बेसप्लेटवरच लावा, बॉडीवर नको. बॉडीवरचा थर पिस्तुलाच्या मुठीत घासतो आणि रिकामं मॅगझिन बटण दाबल्यावर आपोआप खाली पडायचं थांबतं.